कपाटाची किल्ली आणि ग्रंथपाल

ग्रंथपाल म्हटला कीं आपल्या मनापुढें जें चित्र उभें राहतें, तें बहुधा कपाटाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या गृहस्थाचें असतें. पुस्तक द्यावें, नोंद करावी, उशीर झाल्यास दंड घ्यावा, एवढेंच त्याचें कर्तव्य असें आपण गृहीत धरतों. शास्त्रीय संशोधनाशीं त्याचा कांहीं संबंध असूं शकेल, ही कल्पना तर कोणाच्या स्वप्नींहि येत नाहीं. आमच्या मतें या समजुतीनें वैजापूरसारख्या तालुक्याचें प्रत्यक्ष नुकसान झालें आहे. तें कसें, हें थोडक्यांत सांगण्याचा येथें विचार आहे.

आमच्या भागांत कपाशी पुष्कळ. बोंडअळीपासून तिचें रक्षण व्हावें म्हणून बीटी कपाशीचें वाण २००२ मध्यें देशांत आलें. परंतु त्या पहिल्या वाणास गुलाबी बोंडअळी जुमानीत नाहीं, असें गुजरातेंतील कांहीं जिल्ह्यांत आढळल्याचें २०१० मध्येंच जाहीर झालें; पुढें दोन जनुकांच्या वाणाचीहि तीच गत झाली. हंगाम लांबवून फरदड घेऊं नये, पऱ्हाट्या वेळीं नष्ट कराव्या, कामगंध सापळे लावून पतंगांवर नजर ठेवावी, हे उपायहि शास्त्रास ठाऊक होते. असें असतां २०१७ च्या हंगामांत मराठवाड्यांत नि विदर्भांत बोंडें फोडून पाहावीं तों आंत अळी! त्या वर्षीं आमच्या नात्यांतील एका शेतकऱ्यानें आम्हांस विचारलें, “काका, तुम्ही शिकलेले. हे आधी कुणालाच माहीत नव्हतं का हो?” माहीत होतें, परंतु तें इंग्रजी नियतकालिकांत होतें, आणि तेथून त्याच्या बांधापर्यंत तें आणून देणारा कोणी नव्हता. कृषिखात्याचीं पत्रकें निघतात, हें खरें. तथापि पत्रक सर्वांस एकच उत्तर देतें. ग्रंथपाल एकेकाचा प्रश्न ऐकून घेऊं शकतो.

हा विचार आमच्या पदरचा नव्हे. गणिताचे प्राध्यापक शियाळी रामामृत रंगनाथन हे १९२४ मध्यें मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि १९३१ मध्यें त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम प्रसिद्ध केले. ग्रंथ हे जतन करण्यापेक्षां उपयोगासाठीं आहेत, आणि वाचकाचा वेळ वांचविणें हें ग्रंथपालाचें काम आहे, असा त्यांचा रोख होता. संशोधकास ग्रंथपाल हवा तो याचसाठीं. आपण हातीं घेतलेला प्रयोग दुसऱ्या कोणीं आधींच करून ठेवला आहे काय, कोणतें नियतकालिक विश्वासाचें आणि कोणतें पैसे घेऊन वाटेल तें छापणारें, हें सांगणारा जाणता माणूस जवळ असेल, तर शास्त्रज्ञाचे महिनेच्या महिने वांचतात.

साधनांची उणीव आतां पूर्वीइतकी राहिलेली नाहीं. २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठीं सुमारें ६,००० कोटी रुपये खर्चून ३० प्रकाशकांचीं सुमारें १३,००० नियतकालिकें ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षणसंस्थांस व संशोधनसंस्थांस खुलीं करण्याचा तो संकल्प आहे. तालुक्याचें सार्वजनिक वाचनालय त्या संस्थांत मोडत नाहीं. परंतु ‘शोधगंगा’ व ‘कृषिकोश’ या संगणकीय भांडारांतील अनेक प्रबंध कोणासहि घरबसल्या पाहतां येतात; तेथें कृषिविद्यापीठांतील संशोधनहि आहे. वाट मोकळी आहे. उणीव आहे ती वाटाड्याची.

आणि ही वाट दुहेरी असावी. रोटेगांवास गाडींत बसलेला मनुष्य थेट परभणीस, कृषिविद्यापीठाच्या गांवीं, उतरूं शकतो. मात्र आमचे प्रश्न तेथवर पोंचत नाहींत. वाचनालयाच्या मेजावर एक प्रश्नवही ठेवावी. कांदा चाळींत कां सडतो, विहिरीच्या पाण्यांत क्षार किती, कपाशीवर ही कोणती अळी, असे प्रश्न तींत लोकांनीं लिहावेत. ग्रंथपालानें त्यांपैकीं ज्यांचीं उत्तरें सांपडतील तीं मराठींत उतरवून द्यावींत, आणि न सांपडतील ते प्रश्न शास्त्रज्ञांकडे धाडावेत. कोणत्या गांवीं कोणता रोग दिसूं लागला, हें अशा वहीवरून संशोधकासहि वेळेवर कळेल.

महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्यें झाला. तथापि गांवोगांवच्या ग्रंथपालांचें वेतन आजहि तुटपुंजें आहे. अर्ध्या पगारांत किल्लीदारच मिळावयाचा, आणि त्याचा दोष त्या बिचाऱ्यास देणें अन्यायाचें होय. वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांवर आपल्यासारखींच सुशिक्षित मंडळी असतात. नव्या कादंबऱ्यांची यादी करतांना त्यांनीं ग्रंथपालाच्या शिक्षणासाठीं नि वेतनासाठीं अंदाजपत्रकांत चार पैसे घालावेत. पुढची अळी येईल तेव्हां तिची वार्ता बोंडें फोडण्यापूर्वीं गांवांत पोंचणें, हें त्या चार पैशांवर अवलंबून आहे.