वीसेक पायऱ्या खाली

अंबरनाथ स्टेशनवर उतरलो तेव्हापासूनच आईचा गुडघा कुरकुरत होता. पण शिवालय पाहिल्याशिवाय परतायचे नाही, हा तिचा हट्ट!

शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले हे शिलाहारांचे देऊळ काळ्या दगडाचे आहे. शिखर भूमिज पद्धतीचे. चार बाजूंना चार उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामधून चिमुकल्या शिखरांच्या रांगा वर चढत गेलेल्या. माथा मात्र नाही. पुरे शिखर पाहायचे तर सिन्नरचे गोंदेश्वर गाठावे.

नंदीला हात लावून आम्ही मुखमंडपातून सभामंडपात शिरलो. खांबांवर बोटभर जागा कोरल्यावाचून सोडलेली नाही. मुखमंडप, सभामंडप, अंतराळ, गर्भगृह! माणसाला उजेडातून हळूहळू आत ओढून नेण्याची ही जुन्या स्थपतींची युक्ती. जागा आखडत जाते, तसा आपलाही आवाज आपोआप खाली येतो. येथे तर गाभाराच वीसेक पायऱ्या खाली आहे.

आई काठावर थबकली.

"आई, येथूनच हात जोड ना," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे असे काही पाहिले, की मी मुकाट्याने हात पुढे केला. एकेक पायरी टेकत उतरलो. खाली मिट्ट काळोख असेल असे मला वाटले होते. पण माथा नसलेल्या शिखरातून थेट पिंडीपर्यंत उजेड येत होता.

आई निवांत डोळे मिटून बसली. पुन्हा वर चढण्याची काळजी एकट्या मलाच!