गच्चीवरचं चाळीस सेकंदांचं आकाश

ताऱ्यांचे व्हिडिओ काढायला लडाखच गाठायला हवं, असं थोडंच आहे? कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीची गच्ची मला पुरते. आकाशगंगा मात्र विसरा. पुण्याच्या उजेडात तिचा पत्ता नसतो. पण मृग नक्षत्र? एकदम झकास!

डिसेंबरातली कोरडी रात्र पकडायची. मोबाइल ट्रायपॉडवर, तोंड पूर्वेला, फोकस इन्फिनिटीवर, दहा सेकंदांचं एक्स्पोजर. दर पंधरा सेकंदांनी एक फोटो, सलग चार तास. फोटो होतात ९६०. सेकंदाला २४ या हिशेबाने जोडले, की ४० सेकंदांची फिल्म तयार. पॉवर बँक मस्ट! आणि गच्चीवरचा दिवा बंद ठेवायला वॉचमनकाकांना पटवणं त्याहून मस्ट.

आकाश तासाला १५ अंश सरकतं, हे शाळेत घोकलेलं. पण मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण सरसर वर चढतो, पाठोपाठ लखलखता व्याध येतो, तेव्हा आपणच गरगर फिरतोय हे जाणवून पोटात चक्क गोळा येतो. मधूनच विमानाची रेघ. असू दे, तीही आपल्याच शहराची.

आता नेमका पूर्वेलाच टॉवर उभा राहतोय. त्याच जागेवरून, त्याच फ्रेममध्ये मी दरवर्षी एक रात्र टिपतो. गेल्या डिसेंबरात आठला दिसणारा बाण यंदा साडेनऊला स्लॅबमागून निघाला. अजून मजले चढायचेत म्हणे.

बी विंगच्या गच्चीची किल्ली मागून ठेवलीय. सेक्रेटरीकाका म्हणाले, ‘बघू.’