सायकलीचा वेग आणि मनाचा धीर

सायकल चालविणें आणि सायकल वेगानें चालविणें या दोन अगदीं निराळ्या विद्या आहेत. पहिली विद्या दोन-चार वेळां गुडघे फोडून घेतले कीं साध्य होते, व एकदां साधली म्हणजे सहसा विसरत नाहीं. दुसरीचें मात्र तसें नाहीं. तिचा पाठ रोज नव्यानें गिरवावा लागतो. आणि पायांबरोबर छाती, डोळे व मन यांनाही त्या शाळेंत बसावें लागतें. गेलीं सहा वर्षें मी या शाळेंतला विद्यार्थी आहें. तेथें जें थोडेंबहुत शिकलों, तें विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु.

नवशिक्याला वाटतें कीं, पायांत जोर असला म्हणजे वेग आपोआप येतो. पण सपाट रस्त्यावर पहिला प्रतिस्पर्धी भेटतो तो हवेचा. वारा पडलेला असला तरी वेगानें जाणाऱ्याला हवा अडवितेच. वेग दुप्पट केला कीं हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्या विरोधावर मात करण्यास दर क्षणाला लागणारी शक्ति आठपट होते. ताशीं २० किलोमीटर वेगानें जो मुलगा गप्पा मारीत जातो, त्यालाच ताशीं ४० किलोमीटर जाण्यास सांगा. थोड्याच वेळांत त्याच्या तोंडून शब्द फुटेनासा होतो. म्हणूनच शर्यतींतले स्वार पाठ वांकवून, कोपरें अंगाशीं आवळून बसतात व एकमेकांच्या मागें आडोसा धरतात. या बैठकीनें मान आणि कंबर भरून येते, तळहात बधिर होतात. परंतु अंग जरा उचललें कीं हवा छातीवर येऊन आदळते.

एका तासांत एकट्या स्वारास किती अंतर तोडतां येतें, याची एक जुनी कसोटी आहे. १८९३ सालीं पॅरिस येथें आंरी देग्रांज या फ्रेंच गृहस्थानें ३५.३२५ किलोमीटर अंतर तोडलें. ‘तूर द फ्रान्स’ ही सुप्रसिद्ध शर्यत १९०३ सालीं सुरू करणारा तो हाच. पुढें १९७२ सालीं बेल्जियमचा एडी मर्क्स हा मुद्दाम मेक्सिको शहरीं गेला. तें शहर समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरांहून अधिक उंच. तेथील विरळ हवा अंगाला कमी अडविते, पण त्याच विरळपणामुळें छातीला प्राणवायुही कमी मिळतो. तेथें त्यानें ४९.४३१ किलोमीटर अंतर तोडलें. या कसोटींत सोबती नाहीं, आडोसा नाहीं, उतार नाहीं. गोल मार्गावर फेऱ्यांमागून फेऱ्या मारावयाच्या आणि क्षणभरही पाय सैल सोडावयाचा नाहीं. मर्क्ससारखा अजिंक्य वीर, पण तोही पुन्हां त्या वाटेस गेला नाहीं. पायांइतकाच मनाचा कस लागतो, याचें याहून बोलकें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

माझी कसोटी याहून फार लहान. वाईहून पांचगणीस चढणारा पसरणीचा घाट सुमारें १२ किलोमीटरांचा. पहिलीं दोन-चार वळणें उत्साहांत जातात. मग श्वास अपुरा पडूं लागतो, मांड्या पेटल्यासारख्या होतात, आणि मन वकिली करूं लागतें: “आज ऊन फार आहे, आज एवढें पुरे.” अशा वेळीं मी घाटमाथ्याकडे पाहत नाहीं. पायांच्या १०० फेऱ्या मोजतों, त्या संपल्या कीं पुन्हां १०० मोजतों. गंमत अशी कीं, माथ्याजवळचीं घरें दिसूं लागलीं म्हणजे मघांपासून गयावया करणारे हेच पाय आपण होऊन जोरानें फिरूं लागतात! शक्ति शिल्लक होतीच. मनानें ती लपवून ठेविली होती. तथापि घेरी येणें किंवा छातींत कळ येणें ही मनाची वकिली नव्हे. तेथें तत्काळ उतरून बसावें, त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

चढतांना धीर लागतो, तर उतरतांना सावधपणा. ताशीं ३६ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला १० मीटर. नुसती मागें मान वळवून पाहिली तरी तेवढा रस्ता न पाहतां मागें जातो. शिवाय वेग दुप्पट झाला कीं ब्रेक दाबल्यावर थांबण्यास लागणारें अंतर चौपट होतें. माझ्या वडिलांनीं शर्यतीस परवानगी दिली ती एका अटीवर: “रस्त्यावर माणूस दिसलें कीं हात ब्रेकवर गेलाच पाहिजे, मग शर्यत असो वा नसो.”

तीन वर्षांपूर्वीं एका गांवच्या जत्रेनिमित्त भरलेल्या शर्यतींत या अटीची परीक्षा झाली. शेवटचे दोन किलोमीटर उरले होते व मी दुसरा होतों. तोंच वैरणीचा भारा डोक्यावर घेतलेली एक वृद्ध बाई शेळ्यांसह रस्ता ओलांडूं लागली. भाऱ्यामुळें तिला माझ्या बाजूचें कांहीं दिसत नव्हतें. मीं दोन्ही ब्रेक दाबले, पाय टेकला आणि शेवटची शेळी पलीकडे जाईपर्यंत उभा राहिलों. तेवढ्यांत मागचे चौघे येऊन पोहोंचले. रस्ता मोकळा होतांच ते तसेच पुढें निघून गेले, आणि थांबलेलें चाक पुन्हां वेगास आणीपर्यंत ते दूर गेले होते. मी सहावा आलों. घरीं येऊन हकीकत सांगितली, तेव्हां वडिलांनीं माझा क्रमांक विचारलाच नाहीं. बाईला लागलें नाहीं ना, एवढें विचारलें, आणि मग हंसून म्हणाले, “शेळ्या किती होत्या रे?”

विद्यार्थिमित्रहो, वेगाची हौस अवश्य धरा. मात्र निघण्यापूर्वीं ब्रेक व चाकांतली हवा पाहा, डोक्यावर शिरस्त्राण घाला, वर्दळीच्या रस्त्यावर वेगाचा मोह आवरा, आणि अंतर हळूहळू वाढवीत न्या. आणि पालकांस विनंति एवढीच कीं, मुलाला सायकल घेऊन द्याल तेव्हां माझ्या वडिलांनीं घातली तशी एखादी अटही त्याबरोबर घाला. ती मला अजून उपयोगी पडते.