खोलीचा हिशेब

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यातील आमच्या सरकारी मराठी शाळेची मागील खोली खचली. तेव्हापासून मी दरवर्षी नव्या खोलीचे अंदाजपत्रक धाडीत आहे. यंदाही उत्तर आले: पट ४१, शिक्षक दोन, खोल्या दोन, सबब तिसरी खोली मंजूर करता येत नाही.

उत्तर नियमाला धरून आहे, हेच दुःख. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक खोली सांगितली आहे, इयत्तेमागे नव्हे. त्यातला ‘किमान’ हा शब्द कचेरीत पोहोचेपर्यंत ‘कमाल’ कसा होतो, याचे कोडे मराठीच्या या पदवीधराला उलगडलेले नाही. त्यामुळे पाच इयत्ता दोन खोल्यांत बसतात. एकाच फळ्यावर रेघा ओढून मी तीन वर्ग चालवतो.

परवा माझाच एक जुना विद्यार्थी मुलाचा दाखला मागायला आला. मान खाली घालून म्हणाला, “गुरुजी, तुमच्यावर राग न्हाई, पर तीन वर्गांच्या गलक्यात पोराला आपला पाढा कंचा ते कळंना.”

दाखल्यावर सही केली. नव्या अंदाजपत्रकात पटाच्या रकान्यात आता ४० लिहिले आहेत.