सक्तीच्या लग्नातलं प्रेम लिहिताना

प्रिय मैत्रिणीस,



तुझ्या कादंबरीचा आराखडा वाचला. एकोणिसाव्या शतकातलं पुणं, मनाविरुद्ध लागलेलं लग्न आणि त्या लग्नातच पुढे रुजलेलं प्रेम असा विषय तू घेतला आहेस. आधाराला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि रमाबाई यांचा संसार ठेवला आहेस. निवड मला मनापासून पटली, कारण या विषयावर मराठीत याहून चांगला पुरावा मिळणं कठीण. रमाबाईंचं आठवणींचं पुस्तक 1910 साली आलं, न्यायमूर्ती गेल्यानंतर नऊ वर्षांनी, आणि त्यात एका बाईने स्वतःच्या संसाराबद्दल इतकं बारकाईने लिहिलं आहे की कादंबरीकाराला कल्पनेवर फार ताण द्यावा लागू नये. पण आराखड्यातल्या एका गोष्टीने मी अस्वस्थ झाले. तुझ्या मांडणीत प्रेम हे त्या लग्नाचं फळ आहे, आणि फळ गोड निघालं म्हणून झाड लावताना झालेली सक्ती वाचकाने विसरावी अशी सोय तू करून ठेवली आहेस. माझं म्हणणं वेगळं आहे. त्या घरात प्रेम रुजलं हे खरं. पण ते सक्तीने रुजवलं नाही. ज्याच्या हाती सगळं बळ होतं त्याने त्यातलं बरंच बाजूला ठेवलं म्हणून ते रुजलं, आणि तसं करणं सर्वस्वी त्याच्या मर्जीवर होतं. तुझी कादंबरी खरी व्हायची असेल तर ही मर्जी वाचकाला पानोपानी दिसली पाहिजे.

आधी सक्ती कुणावर झाली ते पाहू. या लग्नाची हकीकत सांगताना आपण नेहमी रानड्यांवर झालेली सक्ती सांगतो. त्यांची पहिली पत्नी सखूबाई 1873 साली वारली. रानडे एकतीस वर्षांचे होते, विधवाविवाहाच्या चळवळीत उघडपणे उभे होते, आणि आता मुलगा एखाद्या विधवेशी लग्न करील ही धास्ती वडिलांनी, गोविंदरावांनी, घेतली. त्यांनी घाईघाईने देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची मुलगी पाहिली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लग्न लावलं. ज्याने इतरांना विधवेशी लग्न करायला सांगितलं, त्यानेच एका अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केलं म्हणून सुधारक हळहळले, विरोधकांना आयतं शस्त्र मिळालं. रानड्यांचं दुःख खरं होतं. रमाबाई लिहितात की लग्न लागून घरी आल्यावर ते कुणाशीही न बोलता आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. तुझ्या आराखड्यात हा प्रसंग आहेच, आणि तो तू नायकाच्या वेदनेचा म्हणून लिहिणार आहेस. पण जरा दाराच्या बाहेर येऊन पाहा. एकतीस वर्षांच्या पुरुषाजवळ, सरकारी न्यायाधीशाजवळ, निदान लावून घ्यायला एक दार होतं. बाहेर जी अकरा वर्षांची मुलगी होती तिच्याजवळ तेही नव्हतं. तिची संमती विचारायची असते हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं, म्हणून तिच्यावर झालेल्या गोष्टीला सक्ती असं नावही मिळालं नाही. वडिलांच्या शब्दाखातर वाकलेला मुलगा आपल्याला शोकांतिकेचा नायक वाटतो. वाकायची संधीदेखील न मिळालेली मुलगी आपल्याला नवी नवरी वाटते. ही नजर आपण शंभर-सव्वाशे वर्षं बदललेली नाही. 2012 साली ‘उंच माझा झोका’ ही मालिका घराघरांत पाहिली गेली, तेव्हाही त्या छोट्या रमेचं कौतुक झालं ते बरंचसं तिच्या गोड बोलण्याचं.

आता प्रेमाकडे. ते कशातून आलं, याचं उत्तर रमाबाईंच्या लेखणीतूनच मिळतं. दार उघडल्यानंतर रानड्यांनी त्या मुलीची विचारपूस केली आणि तिला लिहिता-वाचता येत नाही हे कळल्यावर शिकवायला सुरुवात केली. लग्न झालेल्या मुलीचं काय काय करण्याचा हक्क त्या काळच्या नवऱ्याला होता हे तुला ठाऊक आहे. तो हक्क मागे ठेवून या माणसाने पाटी पुढे केली. स्वतः शिकवलं, नंतर घरी शिक्षिका येऊ लागली. पुण्याच्या त्या भरल्या वाड्यातल्या बायकांनी या अभ्यासाबद्दल रमाबाईंना किती बोलणी ऐकवली, किती वेळा त्यांना वाळीत टाकल्यासारखं वागवलं, हे त्यांनी कुठेही कडवटपणा न आणता लिहिलं आहे. 1878 मध्ये रानड्यांची नाशिकला बदली झाली आणि दोघांचं स्वतंत्र बिऱ्हाड झालं. इंग्रजीचा अभ्यास तिथे सुरू झाला, दोन माणसं एकमेकांशी मोकळेपणाने बोलू लागली. माझ्या मते तुझ्या कादंबरीचा खरा गाभा हा नाशिकचा काळ आहे, आणि तुझ्या आराखड्यात त्याला दीड पान आहे. रमाबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या आहेत. लग्नाला चार-पाच वर्षं होऊन गेली आहेत. प्रेम शोधायचं तर इथे शोध. अकरा वर्षांच्या मुलीच्या लाजण्यात ते शोधू नकोस. तिथे ते नव्हतं, आणि आहे असं लिहिणं मला तरी सहन होणार नाही.

तू म्हणशील, मग शिक्षणातून प्रेम आलं असं म्हणू या आणि हा वाद मिटवू या. तेही पुरत नाही. त्याच सुमारास, 1874 मध्ये, नऊ वर्षांच्या यमुनेचं लग्न गोपाळराव जोशी या बिजवराशी झालं आणि ती आनंदीबाई झाली. गोपाळरावही बायकोला शिकवायच्या ध्यासाने पेटलेले होते. त्यांच्या ध्यासाशिवाय आनंदीबाई 1886 साली अमेरिकेतून डॉक्टर झाल्या नसत्या, हे मान्यच करायला हवं. पण हाच माणूस अभ्यासासाठी त्या लहान मुलीला मारत असे, आणि आनंदीबाईंनी त्या माराची आठवण त्यांनाच पत्रातून करून दिली होती. श्री. ज. जोशी यांनी ‘आनंदी गोपाळ’ कादंबरीत हा विचित्र ताण लपवला नाही, म्हणून ती अजून वाचली जाते. म्हणजे पाटी दोन्ही घरांत होती. एका घरात ती पुढे केली गेली, दुसऱ्या घरात अंगावर फेकली गेली असती तरी विचारणारं कुणी नव्हतं. दोन्ही मुलींच्या वाट्याला काय यावं हे त्या मुलींच्या हातात नव्हतं, लग्नाच्या रीतीच्या हातातही नव्हतं. नवऱ्याचा स्वभाव कसा निघतो एवढ्यावर सगळं होतं. आणि रानड्यांचा स्वभाव सौम्य होता म्हणून बळ नाहीसं झालं होतं असं समजू नकोस. त्यांचा राग अबोल्यातून व्यक्त होत असे. ते बोलायचे थांबले की रमाबाईंचा जीव कासावीस होई, चूक आपलीच असं त्या मानून घेत. हे त्यांनी भक्तीने लिहिलं आहे. आपण ते आदराने वाचावं, पण त्यातला तोल कुणीकडे झुकलेला आहे तेही वाचावं.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप काळाचा आहे, आणि तू तो घेतलाही आहेस. आजच्या मापाने 1873 मोजू नये, तेव्हा संमती ही कल्पनाच नव्हती, सगळ्यांची लग्नं अशीच होत, असं तू लिहिलंच आहेस. आक्षेप प्रामाणिक आहे, पण पुरावा त्याच्या विरुद्ध जातो. रुखमाबाईंचा जन्म 1864 चा, रमाबाईंहून दोनच वर्षांनी लहान. त्यांचंही लग्न अकराव्या वर्षी झालं, दादाजी भिकाजी यांच्याशी. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी त्यांना लहानपणी नांदायला पाठवलं नाही. मोठं झाल्यावर रुखमाबाईंनी स्वतःच ठरवलं की ज्या लग्नाला आपण कधी हो म्हटलं नाही ते आपल्याला बांधत नाही. 1884 मध्ये दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलात चित्र उलटलं आणि 1887 च्या मार्चमध्ये हुकूम झाला, की नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिन्यांपर्यंत तुरुंगात जा. रुखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. शेवटी 1888 मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला, आणि रुखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. म्हणजे ‘नाही’ हा शब्द आजच्या बायकांनी मागे नेऊन चिकटवलेला नाही. तो त्याच काळात, त्याच प्रांतात, मराठी बाईच्या तोंडून निघाला होता, ‘अ हिंदू लेडी’ या सहीच्या पत्रातून ‘टाइम्स ऑफ इंडिया’त छापून आला होता, आणि त्याने लोकमान्य टिळकांसह सगळ्या शहाण्यांना बाजू घ्यायला लावली होती. काळाची सबब सांगायची तर त्या काळातला हा आवाजही सांगावा लागेल.

दुसरा आक्षेप मला अधिक नाजूक वाटतो. रमाबाई स्वतःच म्हणतात की आपण धन्य झालो. मग त्यांच्या सुखावर संशय घेणारे आपण कोण? संशय मी घेतच नाही. त्यांचं प्रेम हे घाबरलेल्या बाईने मनाची समजूत घालून आणलेलं प्रेम होतं असं मी म्हणणार नाही, कारण त्यांचं पुढचं आयुष्य तसं सांगत नाही. पती गेल्यानंतर कोपऱ्यात बसणं त्यांना सहज शक्य होतं, आणि समाजाची अपेक्षाही तीच होती. त्यांनी 1909 मध्ये पुण्याला सेवासदन उभं केलं, विधवांना आणि परित्यक्तांना शिकवून त्यांच्या हाताला काम दिलं, मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्या उतारवयात रस्त्यावर आल्या. ज्या बाईला स्वतःला भाग्य लाभलं तिने ते दैवाच्या हवाली न ठेवता इतर बायकांसाठी संस्था काढली. हे मला त्यांच्या कुठल्याही उद्गारापेक्षा बोलकं वाटतं. आपल्या सुखी संसाराचा दाखला देऊन बालविवाह बरा असं त्यांनी कधी सांगितलं नाही. तो दाखला आपण देतो, आणि तुझ्या आराखड्याचा शेवट नेमका तेच करतो.

राहिला वाचकाचा प्रश्न. लोकांना प्रेमकथा हवी असते, रुखमाबाईंचा खटला नको असतो, असं प्रकाशक तुला सांगतील. पण प्रेमकथेत गोडी येते ती समोरच्याला जाता येत असूनही तो राहतो म्हणून. ज्याला जायला वाटच नाही त्याच्या राहण्यात कसली कथा? रमाबाईंच्या संसारात ही गोडी आणायची असेल तर आधी जाण्याची वाट वाचकाला दाखवावी लागेल, ती या बाईला बंद होती हे दाखवावं लागेल, आणि तरीही नवऱ्याने उघडलेल्या एका छोट्या फटीतून ती किती दूर गेली ते दाखवावं लागेल. तेव्हा वाचक दोघांवरही प्रेम करील, आणि लग्न जमवणाऱ्या वडिलांना मनोमन माफ करून टाकणार नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. लग्नाचं प्रकरण लहान कर, नाशिकचं मोठं कर, आणि शेवटचं ते ‘वडिलांचंच बरोबर होतं’ या अर्थाचं वाक्य काढून टाक. रुखमाबाईंचा खटला चालू असताना तुझी नायिका विशी ओलांडलेली आहे आणि तिला इंग्रजी वाचता येतं. तेव्हा ते पत्र छापलेला अंक तिच्या हाती पडू दे, आणि ते वाचून तिच्या मनात काय आलं ते लिही. हे प्रकरण लिहून झालं की आधी मला पाठव.

तुझी,
मैत्रीण