एक तारीख आणि दोन जावा

बेळगावच्या आमच्या घरात दोन विधवा जावा होत्या. थोरल्या आजीचे यजमान १९३६ साली वारले, माझे आजोबा १९३८ साली. मधल्या काळात दिल्लीत एक कायदा झाला.

मुंबईच्या डॉ. गो. वि. देशमुखांनी विधवांना मालमत्तेत हक्क देणारं विधेयक मध्यवर्ती विधानसभेत आणलं. तिथून ते वरिष्ठ सभागृहात, कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये गेलं. जमीनदार, व्यापारी, सरकारी अधिकारी अशी साठेक जणांची ती सभा. बाईमाणूस एकही नाही. रोजची प्रश्नोत्तरं, सरकारी कामं, त्यांतच हेही मंजूर झालं. १४ एप्रिल १९३७ पासून कायदा लागू; पण नवरा त्याआधी वारला असेल तर काही नाही.

म्हणून माझ्या आजीला वाटा मिळाला, तोही हयातीपुरता, मनासारखा विकायची मोकळीक नाही. थोरलीला मूलबाळ नव्हतं. तिच्या नवऱ्याचा हिस्सा दिरांकडे गेला, तिला दोन वेळचं जेवण आणि वर्षाला दोन लुगडी.

आजी म्हणाली, "अक्का, माझ्या खोलीत या की." दोघी शेवटपर्यंत एकाच खोलीत राहिल्या. पुरा हक्क १९५६ ला आला, तेव्हा थोरली नव्हती.

तुमच्या घरच्या जुन्या वाटणीपत्रांत बायकांची नावं कुठल्या सालापासून दिसतात? बघून सांगा.