झुंजारचे शेवटचे पुस्तक

शाळेच्या वार्तापत्रात रहस्यकथांविषयी लिहावे की नाही, याचा आम्ही भावंडांनी बराच विचार केला. कारण भूगोलाच्या पुस्तकात बाबूराव अर्नाळकर लपवून वाचताना आम्ही वर्गातच पकडले गेलो होतो, आणि त्याबद्दल घरी अण्णांनी दिलेला मारही चांगला लक्षात आहे.

खडेबाजारातील एका बोळात तेव्हा भाड्याने पुस्तके मिळत. खाकी कागदाचे वेष्टन, जाड दोऱ्याची शिवण, दिवसाला दहा पैसे. तिथूनच झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू आमच्या घरी चोरपावलांनी आले. पुढे गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद असे आणखी रांगडे गडी आले. पण अक्काचा जीव झुंजारवरच. अण्णांच्या लेखी हे सारे रद्दी वाङ्मय.

2004 च्या सुमारास काचबिंदूने अण्णांची नजर गेली. वर्तमानपत्र आम्ही आळीपाळीने वाचून दाखवत असू. एके दिवशी ते अचानक म्हणाले, "झुंजारचं एखादं मिळतंय काय बघा की." आम्ही तिघे एकमेकांकडे बघतच राहिलो. तरुणपणी अण्णांनी शे-दीडशे तरी झुंजार वाचले होते, तेही त्याच बोळातून आणून! मग आम्हाला मार कशाबद्दल, हे विचारायचे धाडस मात्र झाले नाही.

त्यांना हवे होते शेवटचे पुस्तक. झुंजार मेला की म्हातारा झाला, एवढे एकदा कळू दे, म्हणाले. आम्ही रद्दीची दुकाने पालथी घातली, पुण्याच्या मामांना सांगून ठेवले. अर्नाळकर 1996 मध्ये गेले, हजाराहून अधिक पुस्तके लिहून. पण झुंजारला निरोप देणारे पुस्तक काही आमच्या हाती लागले नाही.

अण्णांची समजूत घालायला अक्काने विलायतेतल्या हकिकती सांगितल्या. अगाथा ख्रिस्तीबाईंनी पॉयरोच्या अखेरची कादंबरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून कुलपात ठेवली आणि ती छापली गेली थेट 1975 मध्ये. अमेरिकेच्या रेमंड चँडलरला ते जमले नाही. त्याचा फिलिप मार्लो म्हणजे तिरकस बोलणारा, खिशाने फाटका, पण विकला न जाणारा गुप्तहेर. 1959 मध्ये चँडलर वारला तेव्हा मार्लोच्या नव्या कादंबरीची चारच प्रकरणे झाली होती. तीस वर्षांनी, 1989 मध्ये, रॉबर्ट पार्कर या दुसऱ्याच लेखकाने ती पुरी केली. अण्णांना हे मुळीच पटले नाही. "दुसऱ्यानं लिहिलं तर तो मार्लो कसा?"

अखेर एक जीर्ण झुंजार मिळाला. अक्का रोज रात्री जेवणानंतर वाचायला बसे. चौथ्या रात्री पाहते तो शेवटची आठ-दहा पाने गायब! ती थांबली नाही. मनानेच पुढचे सांगत गेली. खलनायक सापडला, पोलीस आले, झुंजार घरी येऊन निवांत चहा पीत बसला.

अण्णा थोडा वेळ गप्प होते.

"पानं फाटलीत न्हवं?"

"होय अण्णा."

"तरीच. झुंजार असा चहा पीत बसणाऱ्यातला न्हवं." मग पांघरूण ओढून घेत म्हणाले, "पोलीस येईपर्यंत बरं होतं. उद्या दुसरं आण. आणि शेवटची पानं आहेत काय बघून आण."